डाव्या पायाची कैफियत

मनुष्य पडला म्हणजे तो सर्वप्रथम दुखावलेल्या अवयवाकडे पाहतो, असे वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या मंडळींना वाटत असेल, तर तो त्यांचा भाबडेपणा होय. पडलेला मनुष्य प्रथम आजूबाजूला पाहतो. आपले पतन कोणी पाहिले, किती जणांनी पाहिले, आणि पाहणाऱ्यांत एखादा व्याही, भाडेकरू किंवा एके काळी आपल्या हाताखाली राबलेला कारकून तर नाही ना, याची मोजदाद झाल्यावर तो आपल्या वस्त्रांकडे वळतो. ती शाबूत आहेत अशी खात्री पटल्यावर हातातील दुधाची किटली, छत्री किंवा चष्मा यांची वास्तपुस्त करतो. आणि या सर्व प्राथमिक चौकशा आटोपल्यानंतर, तोपर्यंत कोणी हात देऊन उठविले नसेल तर, पायाकडे पाहतो. परंतु पायाकडे पाहण्यापूर्वीच त्याने आपली जबानी देऊन टाकलेली असते. ‘काही नाही, काही नाही!’ ही ती जबानी. ‘लागलं का हो?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात याहून वेगळे उत्तर दिले गेल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

या जबानीचे परिणाम फार दूरवर पोहोचतात. चार प्रतिष्ठित गृहस्थांसमक्ष ‘काही नाही’ म्हणून सांगितल्यावर त्याच दिवशी डॉक्टरची पायरी चढणे म्हणजे शपथेवर दिलेली साक्ष फिरविणे होय, आणि साक्ष फिरविणाऱ्याची समाजात काय किंमत राहते हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा पाय मोडला आहे की नाही हा प्रश्न ज्या क्षणी खरोखर विचारावयास हवा, त्याच क्षणी त्याचा निकाल लागून तो दप्तरदाखल झालेला असतो. आणि पुढील काही दिवस त्या गृहस्थाच्या चालण्याचा हेतू कोठे जाऊन पोहोचणे हा नसून आपल्या मूळ जबानीस पुष्टी देणे हा असतो.

आमचे वाईचे काका महसूल खात्यात हयात घालवून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे जबानीचे महत्त्व ते आम्हां सर्वांपेक्षा अधिक जाणतात. एका श्रावणी सोमवारी प्रातःकाळी, ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन कृष्णेच्या पाण्याला हात लावावा या सात्त्विक हेतूने घाट उतरत असता, ते तिसऱ्या पायरीवरून निघून, मधल्या चौथ्या पायरीवर मुक्काम न करता, एकदम पाचव्या पायरीवर रुजू झाले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून 1762 साली हे मंदिर बांधविताना ज्या गणपतराव भिकाजी रास्त्यांनी त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची करण्याची दूरदृष्टी दाखविली, त्यांनी पायऱ्यांवरील शेवाळाची काहीही तजवीज करून ठेवू नये, याबद्दल काकांनी त्या अवस्थेतही खेद व्यक्त केल्याचे प्रत्यक्ष पाहणारे सांगतात. डाव्या पायाचे पाऊल आतल्या अंगास दुमडले होते. काकांनी रीतसर ‘काही नाही’ म्हटले, उरलेल्या पायऱ्या उतरून नदीला हात लावला, पुन्हा चढून आले, आणि घरी पोहोचल्यावर ओसरीवरील झोपाळ्यावर बसून ‘जरा पाणी आण गं’ एवढेच काकूंना म्हणाले. काकूंनी पाणी आणले नाही. त्यांनी थेट पायाकडे पाहिले आणि ‘अहो, हे काय करून आलात!’ असे म्हणून माजघरातल्या सर्वांना ओसरीवर बोलाविले.

येथून पुढे पायाचा आणि काकांचा संबंध संपला. आपल्याकडे दुखापत ही ज्याची त्याची खाजगी मालमत्ता नाही. ती बाहेर आली की गावकीची होते. अर्ध्या घटकेत ओसरीवर दोन तट पडले. एका बाजूस ‘मोडलंच आहे’ असे म्हणणाऱ्या काकू, थोरली आत्या आणि ज्यांचा स्वतःचा कोणता ना कोणता अवयव पूर्वी मोडून गेला होता अशी अनुभवी मंडळी. दुसऱ्या बाजूस ‘नुसतं मुरगळलंय’ म्हणणारे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, आमचा पुतण्या, आणि खुद्द फिर्यादी. यांत एक बारकावा असा, की आपला पाय मोडला नाही हे सिद्ध करण्यासाठी सर्वांत अधिक खटपट ज्याचा पाय सुजला होता तोच करीत होता. मोडलेल्या पायाला सहा आठवड्यांची कैद असते, आणि गणपती पाच आठवड्यांवर आले होते.

पोस्टमास्तरांनी प्रथम आपला ठेवणीतला पुरावा पुढे केला. “शिरस्तेदार, पायाची बोटं हलवा बघू.” काकांनी बोटे हलविली. पाचही बोटे आज्ञाधारकपणे वरखाली झाली. “संपलं!” पोस्टमास्तर म्हणाले, “मोडलं असतं तर बोटं हलली असती का?” हा कोटिक्रम आपल्या देशात इतका सर्वमान्य आहे की त्याच्या जोरावर किती मोडके पाय लग्नकार्यात मिरविले असतील याची गणती नाही. वस्तुतः बोटे हलविणारे मोठे स्नायू पायाच्या पंजात नसून वर नडगीच्या आणि पोटरीच्या प्रदेशात असतात, आणि त्यांच्या दोऱ्या घोट्याला वळसा घालून किंवा त्याच्या पुढून खाली बोटांपर्यंत जातात. त्यामुळे वाटेतल्या ठाण्याची भिंत खचली तरी टपाल पुढच्या गावी पोहोचावे, तसा पोटरीतून सुटलेला हुकूम मोडक्या घोट्यावरूनही बोटांना बिनबोभाट मिळू शकतो. ही गोष्ट निदान पोस्टमास्तरांच्या तरी ध्यानात यावयास हवी होती.

आत्याने उलटतपासणी सुरू केली. “पडताना कट् असा आवाज आला का?” काकांना आवाज आला होता, पण तो हाडाचा की पाठोपाठ पडलेल्या तांब्याचा याविषयी ते निश्चित सांगू शकले नाहीत. सांगू शकले असते तरी त्याचा उपयोग नव्हता, कारण हाडांना हाडांशी बांधणारा अस्थिबंध तुटतानाही तसलाच आवाज होतो. सुजेचेही तेच. तासाभरात घोटा टम्म फुगला म्हणजे हाड मोडले, आणि सूज बेताची असली म्हणजे निभावले, असा जो हिशेब मांडला जातो, त्यात जमा आणि खर्च हे दोन्ही रकाने चुकीचे असतात. साधा मुरगळा पायाला दुधीभोपळ्याचे रूप देऊ शकतो आणि खरोखरीची चीर पडलेले हाड पुष्कळदा सभ्य माणसासारखे वागते.

निदानाच्या बाबतीत एकमत झाले नाही म्हणून उपचार थांबले, असे मात्र कोणी समजू नये. निदान आणि उपचार यांची परस्परांशी काही संगती असावी हा आग्रह वैद्यकीय महाविद्यालयांतला. ओसरीवर ही दोन खाती स्वतंत्र आहेत. आत्याने सहाणेवर आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून, त्यात तुरटी घालून, पळीत गरम केलेला लेप घोट्यावर दिला. काकूंनी तव्यावर खडेमीठ तापवून त्याची पुरचुंडी बांधली. तोच पुतण्याने शीतकपाटातील बर्फ रुमालात गुंडाळून आणला, आणि मीठ व बर्फ यांचा जो काही संबंध आजवर आइस्क्रीमच्या पॉटपुरता मर्यादित होता तो आमच्या काकांच्या पायावर प्रस्थापित होण्याचा प्रसंग आला.

पुतण्याची बाजू शास्त्राची होती. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर ठेवणे, ही चतुःसूत्री गेब मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1978 साली क्रीडावैद्यकावरील आपल्या ग्रंथात घालून दिली आणि पुढे ती जगभर मान्यता पावली, हे त्याने बर्फ वितळू न देता सांगितले. त्याने जे सांगितले नाही ते असे, की याच मर्किन महाशयांनी तीन तपांनंतर आपले मत बदलले आणि सूज ही शरीराने दुरुस्तीसाठी पाठविलेली कुमक असून बर्फाने तिला फार वेळ अडविल्यास दुरुस्ती लांबण्याचा संभव आहे, असे स्वतःच जाहीर केले. ही हकीकत मी पुढे काकांना सांगितली तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. “मूळ हुकूम रद्द झाला तरी खालच्या कचेऱ्यांत त्याचा अंमल चालूच राहतो,” ते म्हणाले. बर्फाने वेदना थोडी कमी होते एवढे खरे, आणि पहिले दोन दिवस शेकण्याने रक्त अधिक धावून सूज वाढते हेही खरे. तथापि काकूंच्या हातात तापलेली पुरचुंडी असताना ही गोष्ट त्यांना समजावून सांगण्याची छाती ओसरीवर कोणाचीच झाली नाही.

दुपारी एका हितचिंतकाने पायाळू माणूस आणविला. जन्मताना ज्याचे पाय प्रथम बाहेर आले अशा पायाळू इसमाने पाठीस लाथ लावली म्हणजे भरलेली उसण उतरते, ही श्रद्धा जुनी आहे, आणि उसण ही अशी व्याधी आहे की ती लाथेने उतरते तशी वाट पाहिल्यानेही उतरते. प्रस्तुत पायाळू गृहस्थ अत्यंत प्रामाणिक निघाले. त्यांनी काकांच्या घोट्याकडे पाहिले आणि आपली हद्द पाठीपुरती असल्याचे नम्रपणे सांगून, चहा घेऊन ते निघून गेले. त्या दिवशी ओसरीवर आलेल्या मंडळींत आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखणारा एवढा एकच तज्ज्ञ मला आढळला, आणि एका दृष्टीने योग्य वैद्यकीय सल्लाही त्यानेच दिला.

तिसऱ्या प्रहरी वैद्यबुवा आले. वाई हे शास्त्रीपंडितांचे गाव असल्यामुळे तेथे पाय दुखला तरी ग्रंथाधार निघतो. वैद्यबुवांनी बैठक मारून सुश्रुताच्या निदानस्थानातील भग्नाचा अध्याय सांगावयास आरंभ केला : सांधा निखळण्याचे सहा प्रकार, आणि हाड मोडण्याचे बारा. त्यांत मधे उंच फुगवटा येऊन खेकड्यासारखे दिसणारे ते कर्कटक; घोड्याच्या कानासारखे वर उठून आलेले ते अश्वकर्ण; चूर झालेले ते चूर्णित. हे बाराही भेद वैद्यबुवांनी एका दमात सांगितले आणि दर भेदागणिक काकांचा चेहरा उतरत गेला. या प्राचीन वर्गीकरणापुढे मी मात्र नतमस्तक झालो, कारण क्ष-किरणांचे साधन हाती नसताना, नुसत्या बोटांनी आणि डोळ्यांनी, मोडलेल्या हाडांच्या इतक्या तऱ्हा वेगळ्या ओळखणे आणि वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या सालींच्या पट्ट्या लावून ती सांधणे, हे सामान्य बुद्धीचे काम नव्हे. सुश्रुताने दिलेली लक्षणेही मार्मिक आहेत : पुष्कळ सूज, स्पर्श सहन न होणे, दाबल्यास हाडातून आवाज येणे, आणि कोणत्याही स्थितीत स्वस्थता न लाभणे. यांतले शेवटचे लक्षण ग्राह्य धरले, तर त्या क्षणी काकांखेरीज ओसरीवरची समस्त मंडळी मोडलेली होती. काका तेवढे झोपाळ्यावर शांत पडून होते.

वैद्यबुवांचा निकाल काय, असे विचारता त्यांनी दाबून पाहण्याची तयारी दर्शविली, आणि काकांनी दाबू देण्यास साफ इन्कार केला. प्रकरण पुढील तारखेवर गेले.

अशा वेळी मला नेहमी पर्सिव्हल पॉट या अठराव्या शतकातील इंग्रज शल्यविशारदाचे स्मरण होते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारा हा नामांकित गृहस्थ 1756 साली ओल्ड केंट रोडवर घोड्यावरून पडला आणि नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले. आता या गृहस्थाच्या भोवतीही गर्दी जमलीच असणार, आणि गर्दीत बोटे हलवावयास सांगणारा एखादा निवृत्त पोस्टमास्तर असलाच पाहिजे. पण पॉटने ‘काही नाही’ म्हटले नाही. त्याने उठण्याचाच इन्कार केला. थंडीत रस्त्यावर पडल्या पडल्या त्याने माणसे पाठवून मेण्याचे दोन दांडे आणविले, एक दरवाजा विकत घेतला, त्याला ते दांडे ठोकविले आणि त्यावर आपणास निजवून घरी नेण्याचा हुकूम केला. घरी त्याच्याच व्यवसायबंधूंनी पाय कापण्याचा निर्णय घेतला होता आणि हत्यारेही मांडली होती; इतक्यात त्याचे जुने गुरू नूर्स येऊन पोहोचले, त्यांना पाय वाचेल असे वाटले, आणि तो वाचला. दुखण्यातून उठेतो पॉटने बिछान्यात पडून लिखाणाला हात घातला आणि पुढे हाडांच्या भंगावरही नाणावलेला प्रबंध लिहिला. घोट्याच्या एका विशिष्ट भंगास आजही पॉटचे नाव आहे. तो भंग त्याला स्वतःला झाला नव्हता असे आता मानतात, पण कीर्तीच्या बाबतीत इतकी काटेकोर रुजुवात कोण करतो? मला या कथेत जे विशेष वाटते ते निराळेच आहे. हाडांविषयी त्या रस्त्यावर सर्वांत अधिक ज्ञान ज्याला होते त्याने आपल्या पायावर एक पाऊलही टाकून पाहिले नाही. आणि आमच्या ओसरीवर ज्यांना काहीच ज्ञान नव्हते ते सारे काकांना ‘जरा टेकून तर पाहा’ म्हणून आग्रह करीत होते.

आमच्या आजीची गोष्ट याहून वेगळी. ती न्हाणीघरात घसरली तेव्हा तिने कोणालाच बोलाविले नाही, स्वतःच उठली, आणि पुढे कित्येक दिवस जांघेत दुखते म्हणून काठी टेकीत स्वयंपाकघरात वावरत राहिली. ‘मला काय धाड भरलीय’ हे तिचे त्यावरचे उत्तर. मांडीचे हाड खुब्याशी मोडून त्याची दोन टोके एकमेकांत रुतून बसली तर माणूस काही काळ चालूही शकतो. म्हातारपणी हाडे ठिसूळ झाली म्हणजे तर असा भंग पडण्याला घाटाची पायरीही लागत नाही. एके दिवशी ती टोके सुटली, पाय आखूड झाला, पाऊल बाहेरच्या अंगास वळले, आणि मग साऱ्या घराला जाग आली. पुरुष पडला तर ओसरी भरते आणि बाई पडली तर चूल थंड पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही, ही आमच्या घराण्याची वहिवाट आहे, आणि ती विनोदाच्या कक्षेत बसत नाही म्हणून मी येथे तिला लगेच सोडतो.

काकांकडे परत यावयाचे तर, डॉक्टरकडे न जाण्यासाठी लागणारी कारणे निर्माण करण्यात आपण कधीच कमी पडत नाही. सोमवारी उपवास होता, आणि उपाशीपोटी डॉक्टरकडे गेल्यास भोवळ येते. मंगळवारी शेजारी मंगळागौर होती. घरातल्या बायका तिकडे आणि काकांना एकट्याने जाववत नव्हते, यावरून खरे म्हणजे जावयास हवे हे उघड होत होते, पण ही तर्कसंगती कोणी मांडली नाही. बुधवारी सूज ‘जरा उतरल्यासारखी’ वाटली. ही ‘जरा उतरल्यासारखी’ सूज फार धूर्त असते. ती सकाळी, रात्रभर पाय आडवा राहिल्यामुळे, खरोखरच कमी असते; त्या भांडवलावर माणूस दिवसभर हिंडतो आणि संध्याकाळी तिची व्याजासह वसुली होते. रात्री तर पायाला प्रथमच कोणी बोलू देते. दिवसभर पोस्टमास्तर, आत्या, वैद्यबुवा, मीठ आणि बर्फ यांच्या गदारोळात त्या बिचाऱ्याची दाद कोणी घेतलेली नसते. दोन वाजता सर्वत्र सामसूम झाल्यावर तो आपली सारी कैफियत एकट्या मालकाला ऐकवतो. परंतु सकाळी मालक ती वरिष्ठांना कळवीत नाही.

गुरुवारी आत्याची मुलगी आली. ती पुण्यास डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षात शिकते. तिने ओसरीवरील दोन्ही पक्षांची बाजू ऐकून घेतली नाही, हा तिचा पहिला अपराध. आणि थेट पायासमोर जमिनीवर बसकण मारली, हा दुसरा.

“मामा, पडल्यावर लगेच चार पावलं टाकता आली होती?”

“चार? मी नदीपर्यंत जाऊन आलो.”

“आता टाका.”

काकांनी झोपाळ्याची कडी धरली. “कडी सोडा,” ती म्हणाली. काकांनी कडी सोडून भिंत धरली. “भिंतही सोडा. लंगडत टाकलंत तरी चालेल, पण दोन्ही पायांवर दोन-दोनदा भार आला पाहिजे.” काकांनी अवघ्या ओसरीवर एकवार नजर फिरविली, आणि ‘काही नाही’ या आपल्या मूळ जबानीच्या रक्षणार्थ पहिले पाऊल टाकले, दुसरेही टाकले, तिसऱ्यास त्यांनी ‘अगं’ म्हणून बैठक गाठली.

ही चार पावलांची परीक्षा कॅनडातील ओटावा शहरच्या इअन स्टील आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी 1992 साली सिद्ध केली, हे तिने नंतर मला सांगितले. त्यांच्यापुढचा प्रश्न आमच्या ओसरीच्या नेमका उलट होता. तिकडे घोटा मुरगळलेला जो तो मनुष्य इस्पितळात येई, ज्याचे त्याचे क्ष-किरण चित्र काढले जाई, आणि दर शंभरांत पंधरांच्याही आत लोकांचे हाड खरोखर मोडलेले निघे. म्हणून त्यांनी शेकडो घोटे तपासून असे मोजके प्रश्न शोधून काढले की ज्यांची उत्तरे समाधानकारक आली तर चित्र काढण्याची गरज नाही. चार पावले चालता येते का, लगेच आणि तपासतानाही? घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकाशी, अगर त्याच्या मागच्या कडेवर सहा सेंटिमीटरपर्यंत, हाडावरच दाबले असता दुखते का? पंज्याच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो तेथे, किंवा आतल्या बाजूस पावलाच्या कमानीवर जे नावेसारखे हाड आहे तेथे? बस्स. सूज किती, रंग निळा की जांभळा, आवाज आला की नाही, बोटे हलतात की नाही, यांपैकी कशालाही त्या यादीत जागा नाही. ओसरीवर तीन दिवस जेवढा म्हणून पुरावा दाखल झाला होता तो सगळा एका दमात नामंजूर झालेला पाहून पोस्टमास्तर घरी निघून गेले.

गुडघ्यासाठीही त्याच मंडळींनी पुढे अशीच कलमे केली, आणि त्यांतले एक म्हणजे वय 55 किंवा त्याहून अधिक असणे. “म्हणजे नुसतं म्हातारं असणं हाही पुरावा?” काकांनी विचारले. गुडघा काटकोनात वाकतो का, हे दुसरे कलम. त्यात काका सहज उत्तीर्ण झाले, कारण ते जन्मभर पाटावर जेवत आले आहेत.

मग तिने अंगठ्याने बाहेरच्या घोट्याची मागची कड दाबली. त्या समयी काकांच्या मुखातून जो उद्गार निघाला तो महसूल खात्याच्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

“आणि ही परीक्षा घेत बसायचीच नाही असे प्रसंग वेगळे, मामी,” ती काकूंकडे वळून म्हणाली. पाय भलत्याच दिशेला वळलेला दिसला, हाड कातडीबाहेर आले, पाऊल थंड, पांढरे किंवा बधिर पडले, ठणका दर घटकेला वाढतच चालला, तर चार पावले मोजू नयेत, माणसाला हलवूही नये, गाडी बोलवावी. पडल्यावर म्हाताऱ्या माणसाच्या जांघेत दुखू लागले तर काठी शोधू नये, डॉक्टर शोधावा. आणि पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, किंवा त्याबरोबर धाप लागली, तर तो मुरगळाच आहे म्हणून शेकत बसू नये, कारण तेव्हा प्रश्न हाडाचा नसून शिरेत गोठलेल्या रक्ताचा असतो. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला ही दुखण्या-न-दुखण्याची परीक्षा लागूच पडत नाही. काकू सर्व लक्षपूर्वक ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आजींना हे कोणी विचारलं असतं तर!” एवढे बोलून त्यांनी हातातली मिठाची पुरचुंडी आत नेऊन ठेवली.

क्ष-किरण चित्र काढणे आता अटळ झाले. विल्हेल्म राँटगेनने 1895 साली हे किरण शोधून काढले आणि मनुष्याच्या हाडांचे जे पहिले प्रसिद्ध चित्र घेतले ते आपल्या पत्नीच्या हाताचे, बोटातील अंगठीसकट. हे वाटेत मी काकूंना सांगितले, तेव्हा “स्वतःचा हात नाही ठेवला त्यांनी?” एवढेच त्या म्हणाल्या.

चित्र हाती पडताच ते डॉक्टरला दाखविण्यापूर्वी, अर्थातच, घरी आणून ओसरीच्या उजेडात धरण्यात आले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर काकांचा पाय इतक्या जणांनी इतक्या आदराने यापूर्वी कधीच पाहिला नव्हता. पोस्टमास्तरही परत आले. आत्याने सांध्याच्या फटीलाच भंग ठरवून हळहळ व्यक्त केली. पोस्टमास्तरांनी चित्र उलटे धरून सर्व काही ठाकठीक असल्याचा निर्वाळा दिला. पुतण्याने ते चित्र दूरध्वनीच्या कॅमेऱ्याने टिपून मित्राला पाठविले, आणि त्या मित्राच्या कोण्या मित्राने ‘हेअरलाइन’ असे कळविले. डॉक्टरांनीही संध्याकाळी तेच सांगितले : बाहेरच्या घोट्याच्या हाडाला केसाएवढी चीर, हाड जागेवरून हललेले नाही, प्लास्टर पुरे.

केसाएवढी चीर हा निकाल समाजधारणेच्या दृष्टीने सर्वोत्तम होय. ‘मोडलंच आहे’ म्हणणाऱ्या पक्षाचे म्हणणे त्याने मान्य झाले, आणि ‘मोडलं काय, नुसती चीर आहे’ म्हणणाऱ्या पक्षाचेही. काकूंनी मीठ लावले म्हणून चीर वाढली नाही, पुतण्याने बर्फ लावला म्हणून ती हलली नाही, आणि वैद्यबुवांनी ही चीर म्हणजे सुश्रुतोक्त स्फुटित असल्याचे सांगून ती आपल्या खात्यावर जमा करून घेतली. दावा लावून दोन्ही पक्षकार जिंकल्याचे उदाहरण काकांच्या साऱ्या कारकिर्दीत घडले नव्हते.

प्लास्टर ओले असतानाच काकांनी डॉक्टरांना मुदत विचारली. “सहा आठवडे,” डॉक्टर म्हणाले.

“कोणत्या तारखेपासून?”

“आजपासून.”

काकांनी चष्मा लावला. “मी पडलो सोमवारी. सोमवार ते गुरुवार हा पाय याच कारणास्तव कामावर गैरहजर होता. तेवढी मुदत धरून हुकूम पूर्वलक्षी अंमलाचा काढायला काय हरकत आहे?”

“हाड जुळायला आजपासूनच सुरुवात होईल असं नाही, पण मोजायचं आजपासून,” डॉक्टर हसून म्हणाले. “हाडाला तुमचे नियम लागू नाहीत, शिरस्तेदार.”

“मग अपील कुठं करायचं?” काकांनी विचारले, आणि काकूंनी रिक्षा बोलाविली.